दिवाळी ते रथसप्तमी: घरच्या बागेतली सजावट, आणि बागा बघायला कधी जावं

प्रश्न असा आहे: पुण्यात सिंहगड रस्त्याला घराला लागून साधारण ३०० चौरस फुटांची गच्ची आहे, चाळीसेक कुंड्या आहेत. दरवर्षी जानेवारीत फुलांचं प्रदर्शन बघून हुरूप येतो, चार-सहा फुललेल्या कुंड्या घरी येतात आणि होळीच्या सुमाराला वाळून जातात. यंदा दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंतची सजावट शक्यतो घरच्याच फुलापानांनी करायची आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या डहाळ्याही घरच्याच हव्यात, आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं द्यायचा विचार आहे. काय लावावं, कधी लावावं, आणि कोणत्या बागा कधी बघाव्यात?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण गोची तिथेच आहे. जानेवारीतलं प्रदर्शन म्हणजे निकालाचा दिवस. अभ्यास ऑगस्ट ते ऑक्टोबरात होऊन गेलेला असतो. तिथे जी पिटुनिया तुम्हाला भुलवते ती बहरात असतानाच विकायला ठेवलेली असते, आणि तिला पुण्यात फार तर मार्चच्या मध्यापर्यंत आयुष्य असतं. तुमचा हात वाईट नाही, तिचा हंगामच संपतो. म्हणून प्रदर्शनाला जरूर जा, पण वही घेऊन जा. खरेदीची फेरी ऑक्टोबरात करा. सोलापूर रस्त्याला सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात रोपवाटिकांची रांग आहे. तिथे त्या दिवसांत पिटुनिया, डायंथस, साल्व्हिया, फ्लॉक्स यांची बोटभर रोपं मिळतात. फुललेलं रोप घेऊ नका. कळीही नसलेलं, बुटकं आणि बुडाशी फुटवे असलेलं घ्या. दिसायला ते केविलवाणं असतं, पण डिसेंबरअखेर तेच कुंडी भरून टाकतं.

आता हिशोब. सण धरून उलटे दिवस मोजायचे. यात दिवाळी सगळ्यात त्रासाची, कारण ती सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला. झेंडूला बी टाकल्यापासून पहिली भरघोस तोड मिळेपर्यंत, मध्ये शेंडा खुडणं धरून, साधारण ८५ ते ९० दिवस लागतात. म्हणजे २०२६ च्या दिवाळीसाठी बी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टाकायचं आणि रोपं सप्टेंबरच्या सुरुवातीला कुंडीत लावायची. २०२५ चीच तारीख धरून जुलैत बी टाकलंत तर फुलं दसऱ्याला ओसंडतील आणि लक्ष्मीपूजनाला झाडं दमलेली असतील. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं कुस्करून कुंडीत टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. त्यातून रोपं येतात, पण बाजारातला झेंडू बहुतेक संकरित असतो, त्यामुळे पुढची पिढी उंच, विरळ आणि मनाला येईल तेव्हा फुलणारी निघते. कोपऱ्यातल्या एका कुंडीत गंमत म्हणून टाका, सणाचा भार तिच्यावर टाकू नका. जागा कमी असेल तर गोंड्यापेक्षा (मोठ्या फुलाच्या झेंडूपेक्षा) मखमल हा छोटा झेंडू लावा. फूल लहान, पण झाड बुटकं राहतं आणि फुलत राहतं.

नाताळ आणि संक्रांत यांच्या तारखा पक्क्या, त्यामुळे त्यांचं गणित सोपं. अ‍ॅस्टरला बीपासून साडेतीन ते चार महिने लागतात, तेव्हा सप्टेंबरच्या मध्यात पेरलेलं अ‍ॅस्टर वर्षअखेरीला येतं. बी घेताना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरा, गुलाबी, जांभळा हे वाण मिळाले तर तेच घ्या; फुलदाणीत छान टिकतात. गुलाब छाटणीपासून ४५ ते ५५ दिवसांत फुलतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात सगळी झाडं एकदम छाटली की नोव्हेंबरअखेर सगळं एकदम फुलतं आणि नाताळाला फांद्या रिकाम्या. निम्मी झाडं ऑक्टोबरच्या मध्यात छाटा, उरलेली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

शेवंतीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ‘आमची शेवंती नुसती वाढते, फुलत नाही’ ही तक्रार मी दर हिवाळ्यात ऐकते. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की ती कळी धरते, एरवी पालाच वाढवत राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कळी धरायच्या वेळी गच्चीवरचा दिवा रात्रभर तिच्या डोक्यावर असला, किंवा रस्त्याचा दिवा बरोबर त्या कोपऱ्यात पडत असला, तर झाडाच्या लेखी रात्र झालेलीच नसते. मग तुम्ही खत घालता, पाला आणखी माजतो. यावर उपाय फुकटचा आहे: कुंडी हलवा. एकदा कळीला रंग दिसू लागला की उजेडाने काही बिघडत नाही, त्यामुळे दिवाळीच्या दिव्यांच्या माळा शेवंतीवर खुशाल सोडा.

पॉइन्सेटियाचं तंत्र तेच, पण वेळापत्रक उशिराचं, आणि घोळ इथेच होतो. तिची लाल दिसतात ती पानं. खरी फुलं म्हणजे मधले पिवळे ठिपके. पानं लाल व्हायला सलग आठ-दहा आठवडे रोज सुमारे १४ तासांचा गडद अंधार लागतो. पुण्यात जमिनीतली जुनी झाडं डिसेंबरात आपोआप लाल होतात ती लांब रात्रींमुळेच. कुंडीतल्या झाडाला ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून दिवा न पोचणारा कोपरा द्या. तसा कोपरा नसेल तर संध्याकाळी सहाला त्याच्यावर मोठं खोकं उपडं घालायचं आणि सकाळी आठला काढायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि मधल्या चार रात्री विसरलात तर रंग तेवढाच लांबतो. दिवाळीतल्या दिव्यांच्या माळा नेमक्या या काळात येतात, तेव्हा त्या पॉइन्सेटियावर अजिबात नकोत. नाताळाला फांदी कापून फुलदाणीत ठेवायची असेल तर कापल्याबरोबर पांढरा चीक गळू लागतो. देठाचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरा, चीक थांबतो आणि पानं लगेच मान टाकत नाहीत. चिकाने हाताला खाज येऊ शकते, एवढंच. पान खाल्लं तर माणूस दगावतो ही जी भीती घालतात तिच्यात तथ्य नाही.

पेरण्याआधी गच्चीवर एक माप घ्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. दक्षिणेचा कठडा साडेतीन फुटांचा असेल तर त्याच्या आत सुमारे तीन फुटांचा पट्टा दुपारी बारालाही सावलीत राहतो. मे महिन्यात रणरणत्या उन्हातली जागा म्हणून ओळखलेली ही कठड्यालगतची ओळ हिवाळ्यात फुलझाडांसाठी बाद होते. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर कठड्याच्या उंचीला आणा, नाहीतर उत्तरेकडच्या बाजूला सरकवा.

आता माझ्या आवडीचा भाग: संक्रांतीचं सुगड. सुगडात ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या लोंब्या, भुईमुगाच्या शेंगा, तिळगूळ घालतात. यातला निम्मा ऐवज गच्चीवर पिकू शकतो, आणि संक्रांतीला पाटावर घरच्या लोंब्या मांडल्या तर दुसरी सजावट लागतच नाही. हरभरा नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत पेरा. ७०-७५ दिवसांत हिरवे घाटे भरतात. बारा इंची कुंडीत पाच-सहा दाणे पुरे. ‘विजय’सारखा लवकर येणारा वाण मिळाला तर उत्तम, नाहीतर वाण्याकडचे, किडके नसलेले देशी हरभरेही उगवतात. महिन्याभराने शेंडे खुडा: झाड पसरतं आणि वर भाजीही होते. पानांवर हाताला आंबट, चिकटसं लागतं ती हरभऱ्याची आंब. ती धुऊन काढू नका, म्हणजे वरून पाणी घालू नका. पाणी बुडाशी, तेही बेताने. घाटेअळी येतेच. घाट्याला गोल भोक दिसलं की आजूबाजूला हिरवी अळी सापडतेच. सकाळी हाताने वेचा.

गहू त्याच आठवड्यात, पसरट टबात, दाट ओळींत. त्याला घरच्या पोटापुरतं धान्य द्यायचं नाहीये, पंधरा-वीस लोंब्या आल्या तरी काम झालं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लोंब्या बाहेर पडतात आणि संक्रांतीला त्या हिरव्या, दुधात असतात. गाजर मात्र आधी, ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास, फूटभर खोल कुंडीत आणि थेट पेरून. रोप उपटून लावलं की गाजराला दोन पाय फुटतात. भुईमुगाच्या नादी लागू नका, त्याला जवळपास चार महिने आणि जास्त माती लागते. ऊस आणि बोरं मंडईतून आणा आणि त्याची लाज बाळगू नका.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं तुम्ही वेगळं विचारलंय. कलशासाठी पाच झाडांच्या डहाळ्या लागतात आणि बुधवारी संध्याकाळी बाजारात त्यांचे भाव बघून डोळे पांढरे होतात. आंबा, पेरू, चिकू, डाळिंब ही चार झाडं मोठ्या ड्रममध्ये गच्चीवर राहू शकतात; पाचवं सीताफळ धरत असाल तर त्या सुमाराला त्याची पानं पिवळी पडून गळायला लागलेली असतात, तेव्हा घरच्या रीतीत बसत असेल तर दुसरं काही बघा. आंब्याबाबत एक सावधगिरी. मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो आणि डिसेंबरात त्याची तयारी चाललेली असते. शेंडा मोडलात की तिथला मोहोर गेला. कलशाला आतल्या, सावलीतल्या फांदीचा शेंडा घ्या, आणि तोरणाला शेंडा न मोडता सुटी पानं.

तोरण टिकत नाही याची दोन कारणं मला कायम दिसतात. एक म्हणजे कोवळी, तांबूस पानं घेतली जातात. ती दिसतात देखणी, पण दुपारपर्यंत लोळतात. जून, गडद हिरवी पानं घ्या, पुसून घ्या. दुसरं, झेंडू पहाटे दवात तोडून तसाच ओवतात. दोऱ्यात दाबलेली ओली फुलं आतून कुजतात आणि दुसऱ्या दिवशी वास मारतात. ऊन चढून दव उतरलं की तोडा, पाकळ्यांच्या बुडाशी जो हिरवा पेला असतो त्याच्या मधोमध सुई घाला. रात्री ओवून ठेवायचं असेल तर टोपलीत ओलसर फडक्याखाली. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून फ्रिजमध्ये नको. फुलदाणीसाठी उलट नियम: अ‍ॅस्टर, गुलाब, डायंथस भल्या सकाळी कापा, पाण्याखाली येतील तेवढी पानं काढून टाका, देठ तिरपा छाटा आणि पाणी रोज बदला. शेवंती दोन्हीकडे चालते, म्हणूनच हिवाळ्यात एकच झाड लावायची मुभा असेल तर मी शेवंती लावेन.

बाजारात मिळणारा चमकीचा कागद, रंग मारलेल्या काड्या, स्प्रे मारलेली पानं यातलं काहीही फुलांत मिसळू नका. चव जाते, आणि नंतर ते कंपोस्टमध्येही टाकता येत नाही. घंगाळात पाणी, त्यावर पाकळ्या आणि दोन तरंगत्या पणत्या एवढं पुरतं. ऑक्टोबर ते डिसेंबरात पुण्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर पहाटे बुचाच्या फुलांचा सडा असतो, तोही वेचून आणा. फुलाची नळी लांबलचक, त्यामुळे ती एकमेकांत गुंफून सुई-दोऱ्याशिवाय वेणी होते. लहान मुलांना हे काम दिलं की दोन तास घर शांत. वेणी दुपारपर्यंतच टिकते.

नाताळासाठी रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते अरौकेरिया. ते वर्षभर बाहेर ठेवायचं झाड आहे. घरात आठवडा-दहा दिवस, खिडकीजवळ, त्याहून जास्त नको. टोकाचा कोंब कधीही मोडू देऊ नका, तो गेला की झाड पुन्हा सरळ शेंड्याने वाढत नाही. म्हणून तारा टोकाला बांधू नका, मागे एक काठी रोवून तिला बांधा. गोव्यात आणि किनाऱ्यावर बऱ्याच घरांत सुरूची फांदी आणून सजवतात. तीही छान दिसते आणि कुंडीतल्या झाडाला त्रास होत नाही. वसईत, गोव्यात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडतात त्यात हिरवळीसाठी धान्य उगवून ठेवायची पद्धत आहे, आपण घटस्थापनेला पेरतो तसंच. १३-१४ डिसेंबरला पसरट ताटलीत गहू पेरलेत तर २५ ला वीतभर हिरवं होतं, आणि ते कुणाच्याही घरात, कुठल्याही सणाला शोभतं.

आता बागा. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे असतं. बाग अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया चालवते. पहिल्या दिवशी जा, कापलेली फुलं तेव्हाच ताजी असतात. कुंड्यांच्या स्पर्धेत फुलांकडे नंतर बघा. आधी वाकून बाजूने बघा: पानं कुंडीच्या काठापर्यंत उतरली आहेत का, आधाराच्या काड्या कुठे लपवल्या आहेत, मातीचा वरचा थर कसा आहे. मग कुंड्या फिरवणाऱ्या माळीकाकांना गाठा. लोक त्यांना ‘कोणतं खत घालता’ हेच विचारतात आणि ते हसून ‘शेणखत’ म्हणतात. तुम्ही ‘कधी पेरलं, किती वेळा खुडलं’ विचारा, खुलून बोलतात. ते उत्तर वहीत तारखेसकट लिहा. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक त्यातूनच तयार होतं. शनिवार-रविवार टाळा, रांगेतून ढकलत नेतात. एवढ्या गर्दीतून सुटका म्हणून बागेतल्या जुन्या वृक्षांकडे आणि महाकाय वेलींकडे वळा, तिकडे तुलनेने कमी लोक फिरकतात.

मुंबईला जाणं होणार असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं उद्यानविद्या प्रदर्शन जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतं. तिथे फुलांनी मढवलेल्या मोठ्या प्रतिकृतींसमोर फोटोंची झुंबड असते. तुम्ही कुंडीतली फळझाडं आणि भाज्या असतात तिकडे आधी जा, गच्चीसाठी खरं शिकण्यासारखं तिथे आहे.

आणि घराजवळचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला आपण ओकायामा गार्डन म्हणतो, ते मात्र फुलांसाठी बघू नका. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय, आणि तिथे रंग जवळजवळ नाहीच. हिरव्याच्या दहा छटा, दगड, पाणी, आणि गोल छाटलेली झुडपं. सजावटीत कुठे थांबायचं ते या बागेइतकं चांगलं पुण्यात कुठेच शिकायला मिळत नाही. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी, उन्हं तिरपी असताना जा.

हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं द्यायची कल्पना चांगली आहे, फक्त फुललेली पिटुनिया देऊ नका, ती पुढच्यांच्या घरी होळीला मरते. पुदिना, गवती चहा, कोरफडीची पिल्लं नोव्हेंबरच्या सुरुवातीला चार इंची कुंड्यांत लावा, जानेवारीत मुळं धरलेली असतात. तुळशीचं बी मात्र सप्टेंबरातच टाका. थंडी पडली की ती वाढायची थांबते.

रथसप्तमीनंतर पिटुनिया, अ‍ॅस्टर उपटून कंपोस्टमध्ये टाका, पण शेवंतीला हात लावताना सांभाळून. फुलं संपली की झाड बोट-दीड बोट ठेवून छाटा. बुडाशी काश्या, म्हणजे मुळांजवळून येणारे कोंब, फुटतात, त्याच पुढच्या वर्षीची रोपं. उन्हाळाभर त्यांना अर्धवट सावलीत, मातीचा ओलावा राखून जगवा, जूनमध्ये सुट्या करून लावा आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत दोन-तीनदा शेंडे खुडा. त्यानंतर खुडलंत तर कळ्या जातील.